माघ आणि श्रावण, एकाच अक्षावर

महाशिवरात्रीच्या आसपासची दिवेलागण आहे असं समजा. हिमायतनगरात परमेश्वराच्या यात्रेची वर्दळ आहे. तुम्ही गच्चीवर या, चटई टाका, उताणे पडा. अंधार दाटू लागला की जवळजवळ थेट माथ्यावर कृत्तिकांचा पुंजका दिसेल. काही करू नका, नुसतं पाहत राहा.

आता ‘मी एका जागी आहे’ ही जाणीव थोडी सैल सोडा. गच्ची, गाव, सगळी पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगानं चालली आहे. कुठल्या दिशेनं? पहाटे जे आकाश माथ्यावर असतं, त्याच्याकडे आपण धावत असतो. दिवेलागणीला माथ्यावर असतं, ते मागे टाकत असतो. म्हणजे या घडीला आपण कृत्तिकांपासून दूर चाललोय. अंगाला काहीच जाणवणार नाही. जाणवावं म्हणून धडपडू नका.

सहा महिने पुढे चला. श्रावणातली पहाट, तीच गच्ची. कृत्तिका पुन्हा माथ्यावर आहेत, पण ढगांआड. आता आपण त्यांच्याकडे निघालोय. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना उभ्या आहेत, एकेकीचा व्यास 45 मीटर. तुमच्या माथ्यावरचं आकाश त्यांच्या माथ्यावर पाव तासानं पोचतं, आणि त्यांना ढगांची अडचण नाही.

त्या दिशेला हायड्रोजन आहे. त्याची रेषा 1420.4 मेगाहर्ट्झची. केवळ आपल्या चालण्यानं ती माघात 142 किलोहर्ट्झ खाली उतरते आणि श्रावणात तेवढीच वर चढते. वायू होता तसाच आहे. पण दोन्ही वेळच्या नोंदी तशाच एकावर एक ठेवल्या, तर एका रेषेच्या दोन होतील. म्हणून आधी आपली चाल वजा करायची आणि दोन्ही वर्णपट सूर्यमालेच्या वस्तुमानमध्याच्या दृष्टीनं, एकाच अक्षावर मांडायचे.

इथं सावकाश व्हा. वर्णपट म्हणजे अखंड रेघ नव्हे, शेजारी शेजारी बसलेले चॅनल, म्हणजे वारंवारितेचे छोटे कप्पे आहेत. नव्या अक्षाच्या चॅनलांच्या कडा जुन्या कडांवर क्वचितच बसतात. एक नवा चॅनल डोळ्यांसमोर आणा. तो दोन जुन्या चॅनलांवर निम्मा-निम्मा पडलाय. सॉफ्टवेअर दोघांचा अर्धा-अर्धा वाटा घेतं. बांध सरकले तरी रानातलं एकूण पीक तेवढंच भरलं पाहिजे, तशी रेषेची एकूण ऊर्जा राखावी लागते.

आणि गोंगाट? प्रत्येक चॅनलमध्ये तो आपापला, स्वतंत्र असतो. निम्मा-निम्मा मिसळला की सुमारे 71 टक्क्यांवर येतो. पट शांत झाल्यासारखा वाटतो. त्या शांततेकडे नीट पाहा. पलीकडच्या नव्या चॅनलनंही त्याच जुन्या चॅनलचा उरलेला अर्धा घेतलाय. दोघांच्या गोंगाटात आता नातं आलं; नवी माहिती मात्र कणभरही आली नाही. जिथं नव्या-जुन्या कडा जुळल्या, तिथं गोंगाट पूर्वीइतकाच आहे. मला या कामातली ही जागा सगळ्यात जपण्यासारखी वाटते. अक्ष शक्यतो एकदाच बदलावा, आणि मूळ नोंद कधी पुसू नये.

आता नजर फार लांब न्या. 2020 साली आदित्य चौधुरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीच्या नोंदींतून 7,653 दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. विश्वाच्या प्रसरणामुळे त्यांतल्या कुणाची रेषा 816 मेगाहर्ट्झजवळ सापडायला हवी होती, कुणाची 580 जवळ. नुसतं सरकवून भागत नाही. सेकंदाला एका किलोमीटरचा वेग वरच्या टोकाला 2.7 किलोहर्ट्झ जागा घेतो, खालच्या टोकाला 1.9. प्रत्येक दीर्घिकेचा पट तिच्या वेगाच्या मापात ताणावा लागतो, मगच सगळ्यांची शून्यं एका जागी येतात.

एकेक दीर्घिका डोळ्यांपुढून जाऊ द्या. एकीच्याही पटात रेषा ओळखू येत नाही, सगळा गोंगाटच आहे. सगळ्यांची सरासरी काढली, तेव्हा शून्य वेगाशी उंचवटा उभा राहिला. हा आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन होता. तारे घडण्याचा त्या वेळचा झपाटा पाहता, हा वायू त्या दीर्घिकांना जेमतेम एक-दोन अब्ज वर्षं पुरला असता.