नावापुरती खोली

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. पण ते देणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं नव्हे! व्हिडिओ गेम करणाऱ्या पोरांच्या गप्पांत बसलो, की हे हटकून आठवतं. अमेरिकेतली अटारी कंपनी त्या काळी खेळ रचणाऱ्याचं नाव छापत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट या पठ्ठ्यानं १९८० च्या ‘ॲडव्हेंचर’ खेळात एक गुप्त खोली काढली आणि तिथं आपलं नाव दडवलं. ठिपक्याएवढी एक वस्तू नेल्याशिवाय आत प्रवेश नाही! मालकाला पत्ता नाही. शोधलं ते खेळणाऱ्या एका मुलानं.

आता ही लबाडी म्हणायची का? पगार घेतला तेव्हाच नावही विकलं, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत बुवा. मेहनत विकता येते. पण ‘हे मी केलं’ म्हणण्याचा हक्क कुठल्या तराजूत घालणार? नावापुरती का होईना, माणसाला एक खोली हवीच. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको!