स्वखुशीचा कापूस

कापसाची पहिली वेचणी घरात आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना हंगामाच्या सणाचे वेध लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका उपासनेत मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसे होती, तुरीच्या शेंगा होत्या, दोन लाल भोपळे आणि पाय बांधलेली एक गावरान कोंबडी होती. एक आजी लुगड्याच्या ओटीत कापूस घेऊन आल्या, ओटी रिकामी केली आणि हात जोडून जागेवर जाऊन बसल्या. उपासनेनंतर लिलाव झाला. एक भोपळा बाजारभावाच्या चौपट किमतीला गेला. ज्याने घेतला त्याने तो तिथेच परत अर्पण केला आणि त्याच भोपळ्याचा पुन्हा लिलाव झाला. जमलेला पैसा पाळकांच्या पगारासाठी आणि गळक्या छपरासाठी होता. या पैशासाठी कुणाला नोटीस गेली नव्हती आणि न देणाऱ्याचे नावही कुणी पुकारले नाही.

या आजींना पाहताना मला आणखी एक बाई आठवत होती. 1752 साली, अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत असताना, कनेक्टिकटमधल्या नॉर्विच गावी एलिझाबेथ बॅकस या विधवेला तुरुंगात टाकले गेले. गावच्या अधिकृत चर्चचा कर तिने भरला नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. ती नास्तिक नव्हती, उलट अतिशय श्रद्धाळू होती. फक्त तिची उपासना वेगळ्या मंडळीत चाले. तिचा मुलगा आयझॅक पुढे बॅप्टिस्ट पाळक म्हणून नावारूपाला आला आणि या कराविरुद्ध आयुष्यभर लढला.

अमेरिका धर्मस्वातंत्र्यासाठी वसली, असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या प्युरिटन पंथीयांना स्वातंत्र्य हवे होते ते स्वतःपुरते. 1659 ते 1661 या काळात त्यांनी बॉस्टनमध्ये क्वेकर पंथाच्या चौघांना फाशी दिली. त्यांत मेरी डायर ही स्त्रीही होती. सरकारने माणसाच्या विवेकावर हुकूम चालवू नये, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हद्दपार केले. त्याने 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले आणि तिथे कुणाच्याही श्रद्धेला सक्ती केली नाही. हा विल्यम्स कट्टर ख्रिस्ती होता. सत्तेच्या स्पर्शाने धर्म नासतो, ही त्याची भीती होती.

पुढची मोठी लढाई व्हर्जिनियात झाली. तिथे अँग्लिकन चर्च सरकारमान्य होते आणि परवान्याशिवाय प्रवचन करणारे बॅप्टिस्ट पाळक कोठडीत जात. तरुण जेम्स मॅडिसनने हे जवळून पाहिले होते. स्वातंत्र्यानंतर, 1784 मध्ये तिथल्या पॅट्रिक हेन्री या नेत्याने तडजोड सुचवली. कर सर्वांनी भरावा, मात्र आपला पैसा कोणत्या ख्रिस्ती पंथाला द्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. वरवर पाहता ही योजना उदार वाटते. मॅडिसनने 1785 मध्ये तिच्याविरुद्ध निवेदन लिहिले. त्याचा मुद्दा असा, की जे सरकार आज सगळ्या धर्मांतून ख्रिस्ती धर्म निवडू शकते, ते उद्या ख्रिस्ती पंथांतून एकच पंथही निवडू शकते. आणि धर्मासाठी तीन पेन्सची सक्ती ज्याला करता येते, त्याला कोणतीही सक्ती करता येते. बॅप्टिस्टांनी आणि प्रेस्बिटेरियनांनीही या कराविरुद्ध अर्ज पाठवले. कर बारगळला आणि 1786 च्या जानेवारीत थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला.

1787 च्या संघराज्याच्या संविधानाने सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई केली. 1791 च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कोणताही धर्म राजधर्म करता येणार नाही असे बजावले. पण हे बंधन केंद्रापुरते होते. कनेक्टिकटमध्ये सरकारी चर्च 1818 पर्यंत टिकले, मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 पर्यंत. म्हणूनच कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनकडे गाऱ्हाणे मांडले. 1802 च्या पहिल्या दिवशी त्याने पाठवलेल्या उत्तरात चर्च आणि शासन यांच्यामधल्या भिंतीची ती प्रसिद्ध उपमा आली. त्या भिंतीसाठी देवाला न मानणाऱ्यांइतकेच, किंबहुना जास्तच, झगडले ते लहान पंथांचे देवभोळे लोक. भिंत उभी राहिल्यावर धर्म सुकला नाही. सरकारी आधार नसलेले बॅप्टिस्ट आणि मेथडिस्टच सर्वांत झपाट्याने वाढले.

या भिंतीला एक भगदाडही होते, आणि यवतमाळच्या माणसाने ते विसरू नये. 1819 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिथल्या मूलनिवासींना 'सुधारण्या'साठी वर्षाला 10,000 डॉलर मंजूर केले आणि हा पैसा मिशनच्या शाळांकडे वळवला. गोऱ्या नागरिकाच्या श्रद्धेला सरकारने हात लावायचा नाही, पण चेरोकी जमातीच्या मुलाची श्रद्धा सरकारी खर्चाने बदलायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ झाला. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांच्यापर्यंत ही भिंत पोचलीच नाही. आपल्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, भीमायक देवाकडे आपण 'मागासपणा' म्हणून पाहतो तेव्हा आपल्याही मनात तेच भगदाड असते.

चेरोकींमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचेच लोक त्याआधी मराठी मुलखात येऊन पोचले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. हॉलने गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जांमागून अर्ज केले आणि अखेर राहायची मुभा मिळवली. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्याच वर्षीच्या चार्टर कायद्याने इकडे अँग्लिकन बिशपचे पद निर्माण केले. बिशपला वर्षाला 5,000 पौंड आणि तीन आर्चडीकनांना प्रत्येकी 2,000 पौंड, आणि तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. साऱ्या रयतेच्या शिक्षणासाठी त्याच कायद्यात तरतूद होती किमान एक लाख रुपयांची. तेव्हाच्या दराने चार धर्माधिकाऱ्यांचे पगारही लाखाच्या घरात जात होते. म्हणजे नॉर्विचच्या त्या विधवेवर जी सक्ती झाली, तीच इथल्या हिंदू-मुसलमान शेतकऱ्यावर झाली. त्याला ती कळलीसुद्धा नाही.

यवतमाळला आले ते फ्री मेथडिस्ट, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. हा पंथ 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मला. त्याच्या नावातल्या 'फ्री'ला अर्थ आहे. हे लोक गुलामगिरीच्या विरोधात होते, आणि चर्चमधले बाक भाड्याने देण्याच्याही. पैसेवाल्यांनी पुढचे बाक घ्यायचे आणि गरिबांनी मागे बसायचे, हे त्यांना मान्य नव्हते. कराच्या सक्तीतून सुटलेला धर्म श्रीमंतांच्या मुठीत जाऊ नये म्हणून झालेले ते बंड होते. त्यांच्या इथल्या कामातून युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. 1953 पासून 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत देशभरातले विद्यार्थी धर्मशास्त्र शिकायला यवतमाळला येत.

या कामाला परदेशातून पैसा येई, आणि त्यावर प्रश्न विचारले गेले. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने मिशनांच्या कामाच्या चौकशीसाठी 1954 मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने हेच प्रश्न ऐरणीवर आणले. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. ज्या पैशाने श्रद्धा विकत घेतली जाते तो पैसा कुणाचाही असो, सरकारचा, परदेशाचा किंवा गावातल्या सावकाराचा, तो वाईटच. पण उत्तर म्हणून सरकारने श्रद्धेचा पहारेकरी व्हायचे ठरवले, तर मॅडिसनला ज्याची भीती वाटत होती तेच दार उघडते.

आपल्या संविधानाने ही भिंत आपल्या पद्धतीने बांधली. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घडवलेल्या या ग्रंथात अनुच्छेद 25 सर्वांना श्रद्धेचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ देत नाही. आणि अनुच्छेद 27 सांगतो, की ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवले आहे, तो कर भरण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही. 25 वर आपण तावातावाने भांडतो, 27 मात्र फारसा कुणी उघडून पाहत नाही. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो श्रद्धेच्या खिशाचे रक्षण करतो. आणि सक्ती शिरते ती बहुधा खिशातूनच.

ही शिकवण फक्त सरकारसाठी नाही. आपल्या गल्लीत वर्गणीची पावती फाडताना आकडा आधीच लिहून आणणारा, आणि न देणाऱ्याच्या दारावर खूण करणारा कार्यकर्ता नॉर्विचच्या त्या कर वसूल करणाऱ्याचाच वारस आहे. मग देव कोणताही असो. कळंबच्या चिंतामणीला नारळ वाहणारा भाविक, उरुसाला चादर घेऊन जाणारा मुसलमान, पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावणारी बाई, यांच्या दानाला मोल आहे, कारण त्यांनी नाही म्हटले असते तरी त्यांचे काही बिघडले नसते.

म्हणून एवढेच मागणे आहे. आपल्या धर्मासाठी सरकारी तिजोरीकडे हात पसरू नका, आणि आपल्या देवासाठी शेजाऱ्याच्या खिशात हात घालू नका. जे द्यायचे ते त्या आजींसारखे आपल्या ओटीतून द्या.