तिथी हरवलेला पाहुणा

‘अतिथी’ या शब्दाची फोड शाळेत सगळ्यांना सांगितलेली असते. ज्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. भाषेचे अभ्यासक या शब्दाचं मूळ भटकण्याच्या अर्थाच्या धातूत शोधतात, ते बरोबरच असेल. पण मला शाळेतली फोड सोडवत नाही. ती खरी मानली तर आपल्या पिढीने अतिथी जवळजवळ पाहिलेलाच नाही.

आपल्याकडे येणारा प्रत्येक जण तारीख घेऊन येतो. येण्याची असतेच, पण त्याहून महत्त्वाची असते ती जाण्याची. व्हॉट्सॲपवर आधी तिकिटाची पीडीएफ येते, माणूस मागाहून येतो. मग आपण हिशेब लावतो. चार दिवस आहेत, तर पहिल्या दिवशी हे दाखवू, दुसऱ्या दिवशी ते खाऊ घालू, सुट्टी एवढी टाकू, गाडी अमक्याची मागू. आपलं सगळं अगत्य त्या परतीच्या तिकिटाच्या जोरावर चाललेलं असतं. यात वाईट काही नाही. पण ते तिकीटच रद्द झालं तर? जाण्याची तारीख कुणालाच माहीत नसेल, तर यजमानाने पाहुण्याचं आणि पाहुण्याने यजमानाचं नेमकं काय देणं लागतं?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. मार्च २०२० मध्ये माझा एक जर्मन मित्र आमच्या नांदेडच्या घरी आला. जानेवारीपासून तो बंगळुरूत होता. घरी परतण्याआधी दहा दिवस आमचा भाग बघायचा, २६ मार्चला हैदराबादहून विमान पकडायचं, असा बेत होता. मी त्याला जे जे दाखवण्यासारखं आहे ते सगळं दाखवलं. सचखंड गुरुद्वारा, गोदावरीचा घाट, पाण्याच्या खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला. एक दिवस लातूरकडे काढला. खरोशाची लेणी पाहिली आणि संध्याकाळी १६ रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईत जाऊन उभे राहिलो. उदगीरच्या किल्ल्यात १७६० साली मराठ्यांनी निजामाला हरवल्याची गोष्ट मी त्याला अशी रंगवून सांगितली, जणू मी तिथे हजर होतो.

स्थानिक माणसाबरोबर फिरण्याची मजा सगळे प्रवासी सांगतात. गाईड पाठ केलेलं बोलतो, स्थानिक माणूस आपलं बोलतो, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. स्थानिक माणूसही निवडून दाखवतो. मी त्याला लेणी दाखवली, पण लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, ते त्याने विचारल्यावर सांगितलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, हेही त्याला घरातल्या पिंपांवरून कळलं. दाखवणाऱ्याला आपल्या गावाची चांगली बाजू दाखवायची असते आणि बघणाऱ्याला तीच घेऊन परतायचं असतं. दोघांचाही तोटा नसतो.

मग आदेश येऊ लागले. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद, आधी फक्त एका आठवड्यासाठी. त्याच दिवशी जनता कर्फ्यू, त्याच दिवशी प्रवासी रेल्वेही थांबल्या. २४ तारखेच्या मध्यरात्री देशांतर्गत विमानं बंद झाली आणि सगळा देशच बंद झाला. २५ मार्चला गुढीपाडवा होता. आईने आहे त्या सामानात श्रीखंडाऐवजी शिरा केला, आणि ज्या माणसाने त्या वेळी हैदराबादच्या वाटेवर असायला हवं होतं, तो आमच्या गच्चीवर गुढीची काठी धरून उभा होता.

त्यानंतरचे तीन आठवडे मला जास्त शिकवून गेले. दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला आम्ही जसे आहोत तसे दिसू लागलो. बाबांचं पगारावरून चिडणं, आजीचं औषध संपल्यावरची धावपळ, माझं आणि भावाचं मोबाइलच्या चार्जरवरून भांडण. त्याच्याही नकळत त्याने कामं उचलली. लसूण सोलायचा, नळ आला की पिंपं भरायचा. पहिल्या आठवड्यात आई त्याला ‘घ्या ना अजून’ म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात ती मला विचारू लागली, “अरे, तो नीट जेवायलाय का? तिखट लागायलंय का त्याला?” आणि त्याला सरळ ‘खा रे’ म्हणू लागली. अहोजाहो गेलं, म्हणजे मान कमी झाला असं नाही. पाहुणा या नात्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली होती.

पण गल्लीत उलटं घडत होतं. पहिल्या दिवशी ज्या शेजाऱ्यांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढले, त्यांच्यातल्याच एकाचा बाराव्या दिवशी फोन आला, “पाहुणे गेले नाहीत का अजून?” माणूस तोच होता, चेहरा तोच होता. बदलली होती फक्त तारीख. ती होती तोवर तो कौतुकाचा गोरा पाहुणा होता, ती गेली तसा तो संशयाचा परदेशी झाला. शेजाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. भीती खरी होती आणि त्यांच्या घरातही म्हातारी माणसं होती. तरीही तो प्रश्न ऐकून मला आपल्याकडची जुनी समजूत आठवली. पाहुण्याला दोन दिवस द्यावेत, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल काढावी. ही समजूत बनली ती ज्याला जाता येतं, पण जो जात नाही, अशा पाहुण्यासाठी. जाता येतच नाही अशा माणसाला ती लावणं हा अन्याय आहे. ‘जायचं नाही’ आणि ‘जाता येत नाही’ यातला फरक भीतीच्या दिवसांत सगळ्यात आधी पुसला जातो.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर हाच प्रश्न हजारपटीने मोठा होऊन उभा होता. देशबंदी लागली तेव्हा पंजाब आणि इतर राज्यांतून आलेले सुमारे चार हजार भाविक नांदेडच्या गुरुद्वारात अडकले. या शहराची एक ओळखच अशी आहे, की इथे आलेला एक प्रवासी परत गेला नाही. गुरु गोविंदसिंग १७०८ साली इथे आले आणि त्याच वर्षी इथेच त्यांचं देहावसान झालं. त्या जागी आज सचखंड आहे आणि तिथला लंगर कुणाच्या परतीची तारीख विचारत नाही. चार हजार माणसांना महिनाभर जेवू घालणं एखाद्या घराच्या चांगुलपणाला झेपलं नसतं. लंगरला झेपलं, कारण तिथे पाहुणा नावाची वेगळी जातच नाही. पंगतीत सगळे जमिनीवर बसतात, जेवणाराच उठून वाढायला लागतो, कुणी कुणाचा उपकार मानत बसत नाही. आमच्या घरात लसूण सोलण्यातून जे हळूहळू घडलं, ते तिथे नियम म्हणून आधीच बांधून ठेवलेलं आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात आतिथ्याचा विचार केला आहे. त्याच्या मते आतिथ्य हे दान नाही, तो हक्क आहे. परक्या भूमीवर आलेल्या माणसाशी केवळ तो आला म्हणून शत्रूसारखं वागता येत नाही. मात्र हा हक्क भेट देण्यापुरता आहे, घरचा पाहुणा म्हणून राहण्याचा नाही. यजमान नाही म्हणू शकतो, पण एका अटीवर. त्या नकाराने आलेल्या माणसाचा नाश होता कामा नये. मला ही अट फार मोलाची वाटते. कांट यजमानाला संत व्हायला सांगत नाही. तो एवढंच म्हणतो, की दार लावण्याआधी बाहेर काय आहे ते बघ.

कायद्यानेही एकदा असंच काही म्हटलं आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं कित्येक दिवस बंद पडली. एका विमान कंपनीचं म्हणणं होतं, की ज्वालामुखी आमचा नाही, तेव्हा अडकलेल्यांच्या जेवणाचा आणि राहण्याचा खर्च आमच्याकडे कसा? २०१३ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की दोष तुमचा नसला तरी काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. उलट प्रवासी जितका हतबल, तितकी ती जास्त गरजेची. आपण नैतिक प्रश्नात नेहमी दोष कुणाचा इथून सुरुवात करतो. अडकलेल्या माणसाच्या बाबतीत तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

तरी आपण तोच आधी विचारला. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यात निलंग्याला, हरियाणातून आंध्र प्रदेशाकडे निघालेले १२ प्रवासी एका मशिदीत आसऱ्याला होते. त्यांच्यातले आठ जण बाधित निघाले. त्याच लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना बरं केलं, पण आपल्या फोनवर जे फिरत होतं ते उपचारांबद्दल नव्हतं. एप्रिलच्या अखेरीस नांदेडचे भाविक बसने पंजाबात परतले आणि तिथे शेकडो जण बाधित निघाले. इकडे लंगरमधले काही सेवेकरीही बाधित निघाले. लगेच प्रश्न सुरू झाला, कुणी कुणाला दिला? यजमान म्हणे पाहुण्याने किंवा वाटेने, पाहुण्यांचं गाव म्हणे यजमानाने. महिनाभराचं जेवण एका आठवड्यात विसरलं गेलं. आणि ज्यांच्यासाठी ही माणसं घरी पोचायला धडपडत होती, त्यांच्याच गावांत ती नकोशी झाली.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. लातूर-नांदेडच्या कोचिंग क्लासमध्ये वाढलेल्या कुणालाही युक्रेनला डॉक्टर व्हायला गेलेला एखादा मित्र असतोच. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं आकाश बंद झालं. विद्यार्थ्यांना आणायला निघालेलं भारतीय विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. मुलं थंडीत चालत पोलंड, रुमानियाच्या सीमेवर गेली. तिथे अनोळखी लोकांनी त्यांना पांघरुणं आणि गरम जेवण दिलं. सुमारे २२,५०० भारतीय परतले. आणि इथे काही जण आरामात बसून लिहीत होते, “तिकडे गेलातच कशाला?” बाराव्या दिवशीच्या त्या फोनचाच हा दुसरा अवतार.

यजमानाला काही मर्यादाच नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे. दोन खोल्यांचं घर, एक पगार, आजारी आजी, हे सगळं खरं असतं. यजमानाने अडचण उघडपणे सांगावी, कामात वाटा मागावा, आपल्याला जमत नसेल तर दुसरी सोय शोधून द्यावी. यातलं काहीही केलं तर अगत्याला बट्टा लागत नाही. त्याने एकच करू नये. जी तारीख पाहुण्याने रद्द केलेली नाही, तिचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकू नये. पाहुण्याचंही देणं आहे, पण ते सारखं ‘थँक यू’ म्हणण्याचं नाही. ताप आला तर लपवू नये, घरातला भार उचलावा, आणि दारं उघडली की निघावं. माझा मित्र एप्रिलमध्ये, त्याच्या देशाने सोय केलेल्या विमानाने गेला. जर्मनीने त्या वसंतात जगभरातून सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसं अशी घरी नेली.

विमानं पुढेही रद्द होत राहतील. युद्धाने, राखेने, धुक्याने, नाहीतर कंपनीच्या ढिसाळ कारभाराने. त्या वेळी आपण दाराच्या आत असू की बाहेर, हे आपल्या हातात नसणार. आज आत असलेल्याने उद्या आपण बाहेर असू शकतो, हे धरून नियम करावा. तो नियम साधा असला तरी चालेल. तारीख हरवलेल्या माणसाला आधी जेवलास का विचारावं, कधी जाणार ते त्याला कळेल तेव्हा तोच सांगेल.