धुऱ्यावरची तार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याला शेतीप्रश्नांवर परिसंवाद झाला. माझ्याआधी बोलले ते वकील होते आणि उमेदीची वर्षं शेतकरी चळवळीत घालवलेले होते. पिकाच्या राखणीसाठी धुऱ्यावर सोडलेल्या विजेच्या तारेबद्दल ते म्हणाले, "वावर माझं, पीक माझं, तार माझी. रात्री दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जाणाऱ्यानं आपला जीव आपण सांभाळावा." जोरात टाळ्या पडल्या. पाठोपाठ त्यांनी विलायतेचा दाखला दिला. वहिवाटीची सार्वजनिक वाट ज्याच्या जमिनीतून जाते, त्या मालकावर ती सुरक्षित राखण्याचं बंधन नाही, असं हाऊस ऑफ लॉर्ड्सनं 1994 साली ठरवलं आहे म्हणे. मला बोलायला पाच मिनिटं होती. ती अपुरी पडली, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

दाखला खरा आहे, पण अर्धा. तो खटला उत्तर आयर्लंडमधल्या घरांच्या वसाहतीतला. पाऊलवाटेला खड्डा पडला होता, तो मालकानं खणलेला नव्हता, फक्त बुजवला नव्हता. तिकडं इंग्लंडात 1981 चा कायदा सांगतो की ज्या शेतातून सार्वजनिक वाट जाते तिथं दहा महिन्यांवरचा जर्सी किंवा होल्स्टीनसारख्या दुधाळ जातीचा वळू मोकळा सोडणं गुन्हा आहे. इतर जातीचा वळू सोडायचा तर सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. म्हणजे वाटेवर जे आपोआप झिजलं, ढासळलं, ते मालकाला माफ. त्यानं स्वतः आणून ठेवलेला धोका माफ नाही. आकडा टाकून धुऱ्यावर ओढलेली उघडी तार यातल्या कुठल्या बाजूला बसते, हे वकीलसाहेबांना कळत नसेल असं मी मानत नाही.

आणि वाट वावराच्या मालकाची नाहीच. गावनकाशा उघडून पाहा. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो, पायवाट एका तुटक रेषेनं, आणि त्या रेषेची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा. वहिवाटीची वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडं दाद मागता येते. पण त्या कायद्याला अडथळा दिसतो, धोका दिसत नाही. काट्यांची फेस टाकली तर अर्ज करता येतो. तार मात्र वाट अडवत नाही. दिवसा ती निर्जीव असते आणि माणूस तिच्यावरून सहज पाय टाकून जातो.

"रात्री येतो तो चोरच," हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त छळतो. सर्वोच्च न्यायालयानं 1963 सालीच त्याचा निकाल लावला आहे. बिहारमधली गोष्ट. एका बाईच्या शौचालयाची भिंत पडली, म्हणून ती शेजाऱ्याचं शौचालय वापरू लागली. मालकानं आधी विरोध केला, मग वाटेत वीज सोडलेली उघडी तांब्याची तार लावली. इशारा काही नाही. ती बाई तारेला लागून मेली. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क मालकानं कोर्टात पुढं केला, कोर्टानं तो झिडकारला. ती बाई तिथं परवानगीशिवाय गेली होती हे कोर्टालाही मान्य होतं, तरी निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम राहिली. विनापरवाना आत आलेला माणूसही कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. मग जो आपल्या हक्काच्या वाटेनं चालला आहे, त्याचं काय?

इथपर्यंत मी वाटसरूचा वकील म्हणून लिहीत होतो. पण हा रात्रीचा वाटसरू कोण, याचा विचार करू लागलो तेव्हा माझीच मांडणी मला तोकडी वाटली. तो सहलीला निघालेला शहरी माणूस नाही. तो मोटर चालू करायला निघालेला शेतकरी आहे. कृषिपंपांची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं. तार लावणारा एक शेतकरी, तारेला लागून मरणारा दुसरा. पहिल्याला रानडुकरांनी आणि रोह्यांनी हैराण केलेलं असतं. एका रात्रीत हरभरा आडवा होतो, मग पंचनामा, मग हेलपाटे. जंगली जनावरांना मारण्यावर सरकारनं बंधन घातलं, ते योग्यच आहे. पण माचाणावर रात्रभर जागल करणाऱ्याची झोप आणि पीक दोन्ही त्याच्याच खात्यावर राहिली. म्हणून त्या परिसंवादात माझ्या ओठांवर जो 'खुनी' शब्द आला होता, तो आज मी मागे घेतो. गुन्हा मात्र मागे घेत नाही. अन्याय झालेल्या माणसालाही शेजाऱ्याच्या पायाखाली मरण पेरण्याची मुभा मिळत नाही.

शिवाय दुसरा उपाय हाताशी आहे. सौर झटका मशीनचा दाब हजारो व्होल्टांचा असतो, पण झटका सेकंदातून साधारण एकदा आणि काही हजारांश सेकंदच बसतो. जनावर दचकून मागं फिरतं. घरच्या 230 व्होल्टच्या प्रवाहात खंड नसतो, स्नायू आखडतात, तार धरलेला हात सुटत नाही. फरक पैशांचा आहे, आणि ते पैसे सरकारनं निम्मे-अर्धे नाही, पुरे द्यावेत, ही मागणी मी वकीलसाहेबांच्या खांद्याला खांदा लावून करायला तयार आहे. मात्र झटक्याची तारही पायवाटेला आडवी जाऊ नये. वाट लागते तिथं फाटक आणि पाटी हवी, आणि हे काम शेतकऱ्याचंच.

आमच्या वावरातूनही नकाशावर एक तुटक रेषा जाते. वडिलांनी दरसाल एकेक तास पुढं नांगरलं, मीही तेच केलं. आता तिथं जेमतेम दोन फूट वाट उरली आहे आणि तिच्या कडेला आमची बिनकठड्याची विहीर आहे. परिसंवादातून घरी आल्यावर टेप घेऊन मी ते अंतर मोजलं. वाटेपासून विहिरीच्या काठापर्यंत चार फूट भरलं. विहीर जुनी, पण वाट तिच्याकडं सरकवली ती आम्ही. कापूस निघाला की मोजणीचा अर्ज देणार आहे. कठड्याच्या विटा मात्र आताच येऊन पडल्या आहेत.