भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील घरांच्या भिंती २०१८च्या आरंभी ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी रंगवल्या. या चित्रांचे खरे माध्यम मात्र रंग नव्हे, अंतर होय. २०१४मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या उन्नत मार्गावरून पाहणाऱ्याला सुट्या भिंतींची एकसंध रचना दिसते. अरुंद गल्लीतल्या रहिवाशाला हाताच्या अंतरावरचा रंगाचा तुकडा तेवढा दिसतो. भिंत एकाची आणि चित्र दुसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे.

वारली घरात लग्नप्रसंगी सुवासिनी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तेथे द्रव्य, कर्ता आणि द्रष्टा एकाच जीवनव्यवहारातले असतात. असल्फ्यात हे ऐक्य सुटते आणि नैतिक प्रश्न उभा राहतो.

रंगाने दारिद्र्य झाकले जाते, हा आक्षेप परिचित आहे. पण तो अपुरा आहे. सौंदर्याचा अधिकार इतर गरजा भागल्यानंतरच मिळतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. खरा प्रश्न निराळा आहे. उद्या त्या घराला खिडकी पाडायची झाली, तर चित्र आडवे येईल काय? येत असेल, तर घराचे केवळ फलक झाले. संमती ही रंगवण्यापूर्वी एकदा घेऊन संपणारी गोष्ट नव्हे. चित्र मोडण्याचा अधिकार घरातल्या माणसाकडे शिल्लक राहतो, तोवरच ते चित्र त्याच्या भिंतीवर न्यायाने नांदते.