तिसरा गट

हेब्बाळ तळ्याच्या काठाने सकाळी फिरताना मला पाण्यापेक्षा कागदच जास्त आठवतात. रसायनांचा जलचरांवर काय परिणाम होतो, याचे प्रयोग-अहवाल तपासणे हे माझे काम. अहवालावर किती भरवसा ठेवायचा, तेवढे सांगायचे.

1997 साली बीएएसएफ या जर्मन कंपनीतल्या क्लिमिश आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यासाठी चार गट सुचवले. पूर्ण विश्वासार्ह, मर्यादांसह विश्वासार्ह, अविश्वासार्ह, आणि माहितीअभावी ठरवता न येणारा. गट सुचवणारे रसायन कंपनीतले होते, हे अनेकांना खटकते. मला तेवढे खटकत नाही. शिस्त कुणीही शिकवावी.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा प्रबंध माझ्याकडे आला. माशांवरचा 96 तासांचा प्रयोग. रसायनाच्या टाकीतले मासे मेले, साध्या पाण्यातले जगले. पण पाण्यात रसायन प्रत्यक्षात किती उरले, ते तिने मोजलेच नव्हते; टाकले किती, तेवढेच लिहिले होते. मी तिसरा गट दिला आणि प्रबंध बाजूला पडला.

नंतर लक्षात आले ते असे. रसायन हवेत उडते, काचेला चिकटते, विघटते. म्हणजे ते मासे बहुधा लिहिल्याहून कमी मात्रेने मेले. तिची चूक धोका फुगवणारी नव्हती, झाकणारी होती. आणि मी त्याच चुकीपायी धोका निकालात काढला. उद्या एखाद्या कंपनीने न मोजलेल्या टाकीत मासे जगल्याचे दाखवले, तर त्यालाही तिसराच गट मिळेल. वरवर हा न्याय समान आहे. पण न मोजलेल्या पाण्यात जगलेला मासा काहीच सांगत नाही, मेलेला काहीतरी सांगतो.

शिवाय योग्य प्रश्न विचारला का, हे वेगळेच. डायक्लोफेनॅकने गिधाडे मरतात हे 2004 साली कळले, तेही पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे तपासल्यावर. भारतात जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर आपली गिधाडे जवळजवळ संपली होती. माशांच्या टाकीतला कितीही निर्दोष प्रयोग ते सांगू शकला नसता. 2016 च्या ‘क्रेड’ निकषांत विश्वासार्हतेचे 20 आणि प्रस्तुततेचे 13 प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत, ते बरे केले.

त्या प्रबंधाला आजही मी तिसराच गट देईन; त्यातल्या आकड्यावर पाण्याची मर्यादा ठरवता येणार नाही. पण चूक कोणत्या बाजूला झुकते, हे लिहायला शेजारी शेऱ्याचा रकाना असतो. तेव्हा तो मी कोरा सोडला होता.