बोलावलेल्यांचे ऋण

विवाह लावण्यासाठी कायद्याला फार थोडी माणसे लागतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमानुसार वधूवर, विधी चालवणारा पाळक आणि दोन विश्वासू साक्षीदार एवढे उपस्थित असले की पुरे. तरीही आपण तीनशे-चारशे पत्रिका छापतो. मग या बाकीच्या माणसांना आपण कशासाठी बोलावतो, आणि बोलावल्यामुळे त्यांचे काही देणे लागतो काय? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

‘अतिथी’ या शब्दाचा रूढ अर्थ असा की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. असा मनुष्य अवचित दारी आला आणि आपण त्याला पिठले-भाकरी वाढली, तरी तो समाधानाने जेवतो. कारण तयारीची संधीच आपल्याला मिळालेली नसते. लग्नाचा पाहुणा मात्र या अर्थाने अतिथी नव्हे. त्याची तिथी, वेळ आणि स्थळ आपणच ठरवले. त्याने रजा घेतली, तिकिटे काढली, वृद्ध आईला सोबत आणले, ते आपल्या शब्दावर विसंबून. म्हणून त्याच्या गैरसोयीवर ‘काय करणार, ऐनवेळी सुचले नाही’ हे उत्तर शोभत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका कुटुंबाच्या कन्येचा विवाह चेन्नईच्या तरुणाशी ठरला असून विधी एग्मोर येथील सेंट अँड्र्यूज मंदिरात व्हावयाचा आहे, अशी कल्पना करा. वधूपक्षाला नोव्हेंबर महिना सोयीचा वाटेल. आपल्याकडे तेव्हा पावसाळा सरलेला असतो. परंतु चेन्नईत ईशान्य मोसमी पावसाचा जोर त्याच सुमारास असतो. मुलांना सुटी म्हणून मे महिना धरावा, तर तेथील उन्हाळा तेव्हा ऐन भरात असतो. जानेवारीत हवा पुष्कळ सुसह्य असते. तारीख ठरवताना सभागृह मिळते की नाही हे आपण विचारतो. सत्तरीच्या मावशीला तो प्रवास आणि ती हवा झेपेल की नाही, हेही विचारावयास हवे.

ते मंदिर पाहण्यासारखे आहे. १८२१ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या या वास्तूचे मुख्य दालन वर्तुळाकार असून खांबांच्या कड्यावर घुमट तोललेला आहे. तेथील जमीन मऊ. म्हणून बांधणाऱ्यांनी विहिरी खोदून त्यांवर पाया घातला. येणारा प्रत्येक जण मान वर करून घुमट पाहतो. विहिरी कोणालाच दिसत नाहीत, पण भार त्यांच्यावर आहे. पाहुण्यांची सोय ही अशीच न दिसणारी गोष्ट आहे. पायऱ्यांपाशी आधार द्यायला कोणी उभे आहे काय? स्वच्छतागृह कोठे आहे, हे स्त्रियांना कोणी सांगितले आहे काय? विधी आणि जेवण यांत तीन तासांचे अंतर पडत असेल, तर मधुमेहाच्या रोग्याने काय करावे?

आणि भाषेचे काय? अर्ध्या पाहुण्यांना तमिळ येत नाही, अर्ध्यांना मराठी येत नाही. वधूवरांनी उच्चारलेली वचने ज्याला कळली नाहीत, तो त्या वचनांचा साक्षीदार कसा होणार? तो केवळ प्रेक्षक उरतो. दोन्ही भाषांत छापलेली चार पानांची उपासनापुस्तिका ही उणीव भरून काढते, आणि तिचा खर्च फुलांच्या एका कमानीहूनही कमी येतो.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सर्व करावयाचे तर कर्ज काढावे लागेल.’ कर्जाची भीती खरी आहे. लग्नाच्या ऋणाखाली वर्षानुवर्षे वाकलेली घरे आपल्या मंडळ्यांत आहेत. पण ते कर्ज बहुधा पाहुण्यांच्या सुखासाठी काढलेले नसते, त्यांच्या डोळ्यांसाठी काढलेले असते. प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारावा: याने आलेल्याला विसावा मिळेल, की केवळ माझे नाव होईल? इतके करूनही चारशे जणांची नीट सोय करणे आवाक्याबाहेर असेल, तर दीडशेंनाच बोलवावे. मात्र खरी कसोटी तेव्हाच लागते. यादी आखडू लागली की प्रथम कोणाचे नाव खोडले जाते? परतफेड न करू शकणाऱ्या गरीब नातलगाचे. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने नेमके याच माणसाला मेजवानीस बोलवावयास सांगितले आहे.

तमिळ मुलुखात लग्नाच्या सभागृहाला ‘सत्रम’ असेही म्हणतात. हा शब्द आपल्या अन्नछत्राचाच सोयरा आहे. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वराच्या वाटेवर अशी छत्रे बांधली. श्वार्ट्झ मिशनरींच्या देखरेखीखाली वाढलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनीही ही परंपरा चालविली. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे आणि आजाऱ्याला औषध. वाटसरू राजाचे वैभव पाहावयास आलेला नसे. तो थकलेला असे, आणि तेवढी ओळख पुरे होती.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा पाहुण्यांपैकी बहुतेकांना ते कळलेही नाही. नवा द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्यालाही ठाऊक नव्हते; पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होते. यजमानाची लाज राखली गेली, पाहुण्यांचा आनंद टिकला, आणि कोणाचा गाजावाजा झाला नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी कार्य निघेल त्या वेळी पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी एकदा यादी हातात घेऊन बसा. प्रत्येक नावापाशी थांबा. हा मनुष्य कोठून येईल, काय खाईल, कोठे बसेल, त्याला काय कळेल, याचा विचार करा. ज्याच्यासाठी इतका वेळ देण्याची आपली तयारी नाही, त्याला आपण कशासाठी बोलावत आहोत, हेही स्वतःला विचारा.